पार्श्वभूमी : घरी शिकणारं मूल ‘शाळाबाह्य’ कसं ठरतं?

पडवीत भरणाऱ्या पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. पावकी-निमकी पाठ झाली की पोरगं पुढे सरके, आणि मोठा धाकट्याला धूळपाटीवर गिरवून घेई. हजेरीपट आणि वार्षिक परीक्षा नंतर सरकारी शाळांबरोबर आल्या. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवता येतं का, या आजच्या वादाचं मूळ मात्र १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात आहे.

कलम १० प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य. ते न पाळल्यास शिक्षा काय, हे कायदा सांगत नाही. दंड आहे तो कलम १८ मध्ये, मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला: एक लाखापर्यंत, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. म्हणून एकट्या घराला फारशी धास्ती नसते. वाडीतल्या चार घरांनी मिळून एका ओटीवर मुलं बसवली, की ‘ही शाळा आहे का?’ हा प्रश्न उभा राहतो.

खरा घोळ ‘शाळाबाह्य’ या शब्दाचा. पटावर नाव नसलेलं मूल शाळाबाह्य, आणि नाव असून महिनाभर सलग न आलेलंही शाळाबाह्य. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात अशी मुलं मोजली, बोटाला शाई लावून. या व्याख्येत चिरेखाणीवर आईबापांमागे फिरणारं मूल आणि घरी रोज नेमाने गणितं सोडवणारं मूल एकाच रकान्यात पडतात. पहिल्याला शाळा हवी आहे, ती मिळत नाही. दुसऱ्याचं शिक्षण चालू आहे, ते कुणी विचारत नाही. रकाना वेगळा केला असता तर दोघांचंही भलं झालं असतं.

स्वयंशिक्षण कोकणाला परकंही नाही. साकवापलीकडच्या द्विशिक्षकी शाळेत दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात. एका वर्गाला शिकवणं चालू असताना बाकीची मुलं फरशीवर रंगवलेल्या संख्यारेषेवर किंवा कार्डांवर आपापलं शिकत असतात.

घरी शिकणाऱ्याला अडचण येते दहावीला. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज खाजगीरीत्या बसणाऱ्यासाठी आहे, पण त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. दुय्यम प्रत असेल तर सोबत प्रतिज्ञापत्र. कधीच शाळेत न गेलेल्याकडे दाखला येणार कुठून? शिवाय काही विषयांत ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० अंतर्गत गुण असतात. ते २० नेमून दिलेल्या संपर्क केंद्रावरच मिळतात. तिकडे वेळेत न गेल्यास हातचे जातात. दुसरी वाट केंद्र सरकारच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस): वय १४ पूर्ण, पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, परीक्षा एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास.

मध्येच शाळेत परतायचं ठरलं तर कलम ४ वयानुरूप वर्गात थेट प्रवेश देतं, सोबत विशेष प्रशिक्षणही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कलम ५ मध्ये आहे. तरी आधी दाखला आणा, असं सांगून पालकांना परत पाठवलं जातं. प्रवेशाचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.