रबरातली चुणी आणि मेंदूच्या वळ्या

‘नवीन काही शिकलं की मेंदूला एक नवी वळी पडते’ हे वाक्य अजूनही अगदी खात्रीने सांगितलं जातं. ते चूक आहे. मेंदूच्या मुख्य वळ्या जन्माआधीच पडलेल्या असतात. शिकताना बदलतात त्या पेशींमधल्या जोडण्या. वळ्यांवरूनच हुशारी ठरवायची तर डॉल्फिन आपल्या पुढे जाईल. एकेकाळी कवटीवरचे उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगत, हा समज त्याच जातकुळीतला.

मग वळ्या पडतात कशाने? मऊ रबराचा जाड ठोकळा घ्या आणि दोन्ही टोकं जवळ आणत वाकवा. आतला पृष्ठभाग दाबला जातो, तरी बराच वेळ गुळगुळीत राहतो. मग अचानक त्यावर एक बारीक, धारदार रेघ उमटते. ती भेग नव्हे. पृष्ठभाग आत दुमडून स्वतःलाच टेकलेला असतो. सोडलं की रेघ मिटते. हिला आपण चुणी म्हणू.

१९६३ साली मॉरिस बिओ या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवलं, की रबरासारखा पदार्थ एका दिशेने सुमारे ४६ टक्के दाबला की त्याचा सपाट पृष्ठभाग अस्थिर होतो आणि त्यावर लाटा उठू शकतात. गणित बिनचूक होतं. पण ठोकळे वाकवून पाहिले, तर चुण्या सुमारे ३५ टक्क्यांनाच पडत होत्या!

हा फरक कुठून आला, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर कोडं वाटतं. बिओ यांनी विचारलं होतं: पृष्ठभागाला अगदी हलका उतार असलेली लाट दिली, तर ती वाढेल की विरून जाईल? ४६ टक्क्यांपर्यंत ती विरते. पण चुणी म्हणजे हलका उतार नव्हेच. ती कितीही छोटी असली तरी तिच्या भिंती उभ्या असतात. आकाराने लहान असणं आणि उताराने सौम्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बिओ यांच्या गणितात फक्त दुसरीच बसत होती.

खोल, एकजिनसी रबराला स्वतःचं असं कुठलंच माप नसतं. त्यामुळे मोठ्या चुणीने साठलेली ऊर्जा कमी होत असेल, तर तिच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या चुणीनेही ती कमी होतेच. बचत तेवढी लहान. ३५ टक्क्यांच्या पुढे चुणी पडणंच पदार्थाला स्वस्त पडतं.

वर कडक पापुद्रा असेल तर गोष्ट वेगळी. पापुद्र्याला बारीक लाटा नकोत, कारण त्यांत जास्त वाकावं लागतं. खालच्या मऊ थराला रुंद लाटा नकोत, कारण त्या खोलवर ताण पोचवतात. तडजोडीतून लाटेची ठरावीक लांबी निघते. ती पापुद्र्याच्या जाडीच्या प्रमाणात असते, शिवाय पापुद्रा आणि खालचा थर यांच्या कडकपणांच्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणातही. पापुद्रा हजारपट कडक झाला, तर लाट दहापट लांबते.

मेंदूचा बाहेरचा थर आतल्या भागाहून फारसा कडक नसतो, पण तो जास्त वेगाने वाढतो, म्हणून स्वतःच दाबला जातो. २०१६ साली संशोधकांनी २२ आठवड्यांच्या गर्भाच्या मेंदूची गुळगुळीत प्रतिकृती जेलपासून घडवली आणि द्रावकात बुडवली. बाहेरचा थर फुगू लागला. वळ्यांचे माथे गोल राहिले, मधल्या खाचा चुणीसारख्या टोकदार होत आत गेल्या, आणि मोठ्या खाचांची ठेवण खऱ्या मेंदूसारखी निघाली.