खासगी गाडी म्हणजे वेळेवर गाडी?

‘रेल्वे खासगी झाली की गाड्या आपोआप वेळेवर धावतात’, हा निरोप वर्षानुवर्षे फिरतो. तसं वाटणं स्वाभाविक आहे. जपानच्या खासगी गाड्या वक्तशीर आहेतच. पण तिथे बहुतेक ठिकाणी रूळही त्याच कंपनीचे असतात. ब्रिटनमध्ये 1994 पासून रूळ आणि सिग्नल एकाकडे, गाड्या दुसऱ्याकडे, डबे तिसऱ्याकडून भाड्याने. सिग्नल बिघडला तर गाडीवाली कंपनी काय करणार?

आकडेही तपासून घ्यावेत. तिथल्या जुन्या मोजणीत लांब पल्ल्याची गाडी शेवटच्या स्थानकावर 10 मिनिटांच्या आत पोहोचली तरी ‘वेळेवर’च. मधल्या स्थानकावर ताटकळलेले हिशेबातच नाहीत! म्हणून टक्केवारी दिसली की आधी पाहा: कुठल्या स्थानकावर मोजलं, किती मिनिटांची सूट दिली आणि आदल्या रात्रीच वेळापत्रकातून काढलेल्या गाड्या ‘रद्द’ धरल्या का.