दरवर्षी गाळ काढतात, म्हणजे पैसे खातात?

लोंढा स्टेशनवर गोव्यातल्या मुरगाव बंदरातून आलेल्या कोळशाच्या वाघिणी बघत बसलं की कुणीतरी म्हणतंच, "बंदरात दरवर्षी गाळ काढतात म्हणे. एकदाच नीट खोल केलं असतं, तर? सगळा पैसे खायचा धंदा!" बेळगाव-खानापुरात हे मी लहानपणापासून ऐकतोय.

खरं तर हा आपल्या शेतातलाच हिशेब आहे. रोप लावणीच्या वेळी चिखलात हातभर चर ओढा. दुसऱ्या दिवशी कडा खचून निम्मा भरलेला असतो. जहाजांचा मार्ग म्हणजे समुद्राच्या तळात ओढलेला असाच चर. आजूबाजूपेक्षा खोल, म्हणून तिथं प्रवाह मंदावतो आणि पाण्यातला बारीक गाळ खाली बसतो. पावसाळ्यात लाटा तळ ढवळतात, तेव्हा तर विचारूच नका. उलट जितकं जास्त खोदाल, तितका गाळ धरून ठेवायला जागा जास्त.

गाळ-वाळू साचणं बंदरापुरतंच नाही. आपल्याच खानापूर तालुक्यात उगवणारी म्हादई पणजीजवळ मांडवी म्हणून समुद्राला मिळते. तिथं नदीच्या तोंडाशी, आग्वाद किल्ल्याजवळ, वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तिथून जाणं धोक्याचं, म्हणून खनिजाच्या बार्जेस, म्हणजे मालवाहू होड्या, कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत वळवत.

गाळ काढणारं जहाज तळावरून पाइप ओढत चिखल पोटात शोषतं आणि ठरवून दिलेल्या जागी, खोल समुद्रात, तळाची दारं उघडून सोडतं. आधी आणि नंतर ध्वनिलहरींनी खोली मोजून तळाचे नकाशे काढतात. पैसे खाल्ल्याचा संशय असेल, तर ते दोन नकाशे मागा.