अमेरिकेच्या कर्जमर्यादेचा वाद आला कुठून?

अमेरिकेत थोड्या थोड्या वर्षांनी कर्जमर्यादेवरून, म्हणजे सरकारने एकूण किती कर्ज घ्यावे याच्या कायद्याने ठरलेल्या कमाल आकड्यावरून, रण माजते. गंमत नव्हे, पण ही मर्यादा उधळपट्टी रोखायला आणलेलीच नव्हती. १९१७ पर्यंत सरकारला कर्जरोखे काढायचे तर काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, बहुधा वेगळी परवानगी लागे. पहिल्या महायुद्धात उतरल्यावर हा खटाटोप परवडेना. मग काँग्रेसने रोख्यांचा कमाल आकडा बांधून दिला आणि त्याच्या आत अर्थखात्याला मोकळीक दिली. १९३९ मध्ये जवळपास सगळ्या कर्जाला मिळून ४५ अब्ज डॉलरची एकच मर्यादा आली.

खर्च किती करायचा, कर किती घ्यायचे, हे काँग्रेस वेगळ्या कायद्यांनी आधीच ठरवते. मर्यादा वाढवणे अडवून धरले तर तो खर्च रद्द होत नाही. मंजूर झालेली देणी थकतात. माझ्या मते रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट या दोन्ही पक्षांना हे पक्के ठाऊक आहे, तरी विरोधात बसले की दोघेही लोकांना ते सांगत नाहीत.

करांवरून पक्षांत पडलेली आजची दरी मात्र त्यामानाने अलीकडची. १९८१ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांनी मोठी करकपात केली, संरक्षणखर्चही वाढवला; त्याच वर्षी कर्जाने एक लाख कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. नवे कर लावणार नाही, असे वचन देऊन निवडून आलेल्या थोरल्या बुश यांनी १९९० मध्ये तूट आवरण्यासाठी डेमोक्रॅटांशी तडजोड केली, करवाढ स्वीकारली आणि १९९२ मध्ये ते हरले. रिपब्लिकनांनी तो धडा कायमचा गिरवला. १९९३ च्या डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटन यांच्या करवाढीला त्यांचे एकही मत पडले नाही. सिनेटमध्ये मते समसमान पडली आणि उपाध्यक्ष गोर यांच्या मताने ती तरली. १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षे सरकारी तिजोरीत शिल्लक पडली. त्यात करवाढीइतकाच तेजीचाही हात होता. पुढे धाकट्या बुश यांची करकपात, दोन युद्धे, आणि तूट परतली.

२००६ मध्ये मर्यादावाढीविरुद्ध मत देणारे सिनेटर ओबामा २०११ मध्ये अध्यक्ष म्हणून त्याच कोंडीत सापडले. तडजोड अगदी शेवटच्या क्षणी झाली, तरी स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थेने देशाचे पतमानांकन प्रथमच खाली आणले. २०२३ मध्ये कर्जमर्यादेची कोंडी सोडवण्याच्या बदल्यात रिपब्लिकनांनी बायडेन यांच्याकडून खर्चावर मर्यादा मान्य करून घेतल्या. जुलै २०२५ मध्ये, ट्रम्प परतल्यावर, त्याच पक्षाने एकही डेमोक्रॅट मत नसताना कर्जमर्यादा पाच लाख कोटी डॉलरनी वाढवली, तीही करकपात पुढे चालू ठेवणाऱ्या कायद्यातूनच.