चित्रातली बाई कोणत्या सालची?

1614 साली जहांगीर बादशहा एका दुखण्यातून उठला. ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींची कृपा म्हणून त्याने कान टोचून घेतले आणि त्यात मोती घातले. बादशहानेच घातले म्हटल्यावर दरबारी कसले मागे राहतात! हे सगळं त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्यामुळे जहांगीरच्या एखाद्या बिनतारखेच्या चित्रात त्याच्या कानात मोती दिसला, की ते चित्र 1614 च्या आधीचं नाही एवढं नक्की होतं. उलट मोती नसेल, तर मात्र चित्र आधीचंच असं ठामपणे म्हणता येत नाही. कारण चित्रकाराने जुन्या चित्रावरून नक्कल केलेली असू शकते.

जुन्या व्यक्तिचित्राचं वय काढताना हे नेहमीच ध्यानात ठेवावं लागतं. अंगावरची प्रत्येक वस्तू खात्रीने फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगते. आजीचा हार नात घालते, पण नातीच्या काळातली बाही आजीच्या चित्रात येऊ शकत नाही. म्हणून चित्रात जी वस्तू सगळ्यात नवी, तिच्यावरून साल ठरतं. दागिना टिकतो, मोडून पुन्हा घडवला जातो, वारशाने फिरतो. कपडा त्यामानाने लवकर बदलतो आणि केशरचना त्याहून लवकर. दागिन्यांचा मान मोठा असला, तरी तारखेच्या बाबतीत पहिली साक्ष मी केसांची आणि बाह्यांचीच काढेन.

युरोपातल्या चित्रांत तर बाही फारच उपयोगी पडते. 1820 च्या दशकात बायकांच्या बाह्या खांद्यापाशी फुगू लागल्या, 1830 नंतर उशीएवढ्या झाल्या आणि 1836 च्या सुमारास एकदम बसल्या. तसा फुगा दिसला की चित्र बहुधा त्या पाच-सहा वर्षांत आणून ठेवता येतं. गळ्याभोवतीच्या चुणीदार गोल कॉलरचंही तसंच. सोळाव्या शतकाच्या मध्यावर ती सदऱ्याच्या गळ्याची साधी झालर होती. 1564 मध्ये एका फ्लेमिश (म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या) बाईने इंग्लंडमध्ये खळ करण्याची कला आणली, कापड ताठ उभं राहू लागलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत कॉलर गाडीच्या चाकाएवढी झाली. स्पेनमध्ये चौथ्या फिलिपने उधळपट्टी थांबवायला 1623 मध्ये तिच्यावर बंदीच घातली, तेव्हा स्पॅनिश दरबारी माणसाच्या गळ्यात ती दिसली तर चित्र बहुधा बंदीच्या आधीचं. हॉलंडमधल्या वयस्कर बायका मात्र पुढेही कितीतरी वर्षं ती घालत राहिल्या. तरुणपणीची फॅशन म्हातारपणापर्यंत वापरणारी माणसं सगळीकडेच असतात आणि तारीख काढणाऱ्याला ती फार छळतात.

दागिना आणि कपडा एकत्र वाचले तर काय साधतं, त्याचं उत्तम उदाहरण लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. एका राजघराण्यातल्या स्त्रीचं ते पूर्णाकृती चित्र. ही लेडी जेन ग्रे, म्हणजे 1553 मध्ये जेमतेम नऊ दिवस इंग्लंडच्या गादीवर बसलेली आणि पुढच्याच वर्षी शिरच्छेद झालेली मुलगी, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. पण पोशाख 1545 च्या आसपासचा. तेव्हा जेन आठ-नऊ वर्षांची होती आणि चित्रातली बाई चांगली मोठी आहे. मग नजर गेली छातीवरच्या मुकुटाच्या आकाराच्या ब्रोचवर. 1996 मध्ये एका अभ्यासक स्त्रीने दाखवून दिलं, की तो ब्रोच आठव्या हेन्रीची सहावी राणी कॅथरिन पार हिच्या दागिन्यांच्या यादीतल्या नोंदीशी जुळतो. नुसत्या ब्रोचवर विसंबलं असतं तर तो पुढे दुसऱ्या कुणाकडे गेला असेल अशी शंका काढता आली असती. नुसता पोशाख बघितला असता तर साल कळलं असतं, नाव नाही. दोन्ही मिळून चित्राला नावही मिळालं आणि कालही.

हिऱ्यांची गंमत वेगळीच. सोळाव्या शतकातल्या चित्रांत हिरे चक्क काळे दिसतात, आणि अनेकांना वाटतं रंग काळवंडला असेल. तसं नसतं. त्या काळी हिऱ्याचं वरचं टोक घासून सपाट चौकोनी पाट काढत, पैलू मोजकेच असत. आत शिरलेला बराचसा प्रकाश बघणाऱ्याकडे परत येत नसे. त्यात सोनार कोंदणात हिऱ्याखाली काजळीचा काळा थरही देत. चित्रकाराने जे दिसलं ते रंगवलं. सतराव्या-अठराव्या शतकात अनेक पैलूंचा ब्रिलियंट घाट आला, प्रकाश आतून उलटून डोळ्यांत येऊ लागला आणि चित्रांतले हिरे पांढऱ्या ठिणग्यांसारखे झाले.

आता सोन्याच्या साखळीवरचा तो पिवळा चमकता ठिपका जवळून बघू. सोळाव्या-सतराव्या शतकात तो बहुतेक वेळा शिसं आणि कथिल यांच्या संयुगाच्या पिवळ्या रंगाने देत. 1750 च्या सुमारास हा रंग वापरातून गेला, इतका की तो पुन्हा ओळखला गेला थेट 1941 मध्ये. क्ष-किरण टाकले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकतं. पिवळ्या ठिपक्यात शिशाबरोबर कथिल सापडलं, तर साखळी जुन्या काळात रंगवली गेली असण्याची शक्यता बळावते. तसंच पोशाखाच्या निळ्यात प्रशियन ब्लू निघाला तर तो रंग 1704 च्या आधी दिलेला नाही, कारण त्याचा शोधच त्या सुमारास बर्लिनमध्ये लागला. टायटॅनियमचा पांढरा निघाला, तर तो भाग विसाव्या शतकातला. कपड्याची शैली काहीही सांगो, रंगाची तारीख ओलांडता येत नाही. फक्त तो रंग मूळचा आहे की नंतरच्या डागडुजीचा, हे आधी तपासावं लागतं.

आता फसवणूक. रेम्ब्रांटने 1640 मध्ये स्वतःचं चित्र काढलं ते शंभर वर्षांपूर्वीच्या थाटाचे कपडे चढवून. इंग्लिश चित्रकार गेन्सबरोचा प्रसिद्ध ‘ब्लू बॉय’ 1770 च्या सुमाराचा, पण मुलाच्या अंगावर 1630 च्या दशकातला, फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइकच्या चित्रांतला पोशाख आहे. गेन्सबरोच्याच काळातला चित्रकार रेनॉल्ड्स, त्याचं तर म्हणणंच होतं, की चालू फॅशन चित्राला लवकर जुनं करते, तेव्हा पोशाखाला थोडा प्राचीन बाज द्यावा. चित्रकार म्हणून सल्ला बरोबर असेलही, पण आमची पंचाईत करून ठेवली! अशा वेळी तपशील तपासायचे. नाटकी पोशाख घालणारा माणूस केस सहसा आपल्याच काळातले ठेवतो, आणि शिंप्याने जुनी फॅशन शिवली तरी बेत आणि टाके त्याच्या सवयीचेच राहतात.

कधी चित्रच नंतर बदललेलं असतं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयातलं एक चित्र बनावट असावं अशी शंका होती, कारण चेहरा एकोणिसाव्या शतकातल्या गोड बाहुलीसारखा होता. क्ष-किरणांत खाली दुसराच चेहरा दिसला. वरचा रंग काढल्यावर सोळाव्या शतकातली, फ्लोरेन्सच्या राज्यकर्त्या घराण्यातली इसाबेला दे मेदिची बाहेर आली, वयाने मोठी आणि चेहऱ्याने बरीच कमी गोड. पोशाख मात्र आधीपासूनच तिच्या काळातला होता.

मानचिन्हं याहून सोयीची, कारण ती कुणाला कधी मिळाली याच्या सरकारी नोंदी असतात. स्पॅनिश चित्रकार गोयाने ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं चित्र 1812 मध्ये काढलं. पुढे वेलिंग्टनचे मान वाढले, तशी छातीवरची पदकंही चित्रात बदलली, शेवटचा बदल 1814 चा. म्हणून लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्या चित्राचं साल 1812–14 असं दिलेलं आहे.