फडक्यावरची धूळ

घराला नवा रंग दिला, फरशी बदलली, तरी कुठल्यातरी फटीत जुनी धूळ राहतेच. अण्वस्त्रांचा चोरटा प्रसार शोधणाऱ्या निरीक्षकांची सारी भिस्त या धुळीवर असते.

त्यांच्याकडे असतो सुती कापडाचा एक चौकोन, दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा निरीक्षक स्वच्छ हातमोजे घालून हे फडकं यंत्रांवरून, भिंतींवरून, पाइपांवरून फिरवतो आणि पिशवीत बंद करतो. पिशवीवर फक्त सांकेतिक क्रमांक. नमुना कोणत्या देशातून आला, हे प्रयोगशाळेलाही कळू द्यायचं नसतं.

मग शोध सुरू होतो जेमतेम मायक्रोमीटरभर आकाराच्या कणांचा. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५, म्हणजे अणू फुटून ऊर्जा देणारा प्रकार, असतो सुमारे ०.७ टक्के. बहुतेक वीजकेंद्रांना ३ ते ५ टक्के लागतं, बाँबसाठी साधारण ९०. वस्तुमान वर्णपटमापक एकेका कणातलं हे प्रमाण मोजतो. कण केवढासा, पण तो कुठल्या कामातून उडाला ते त्यातून उमगतं.

२००३ साली तेहरानच्या कलाये इलेक्ट्रिक कंपनीच्या कार्यशाळेत हेच घडलं. निरीक्षकांनी नमुने मागितले, इराणने नकार दिला. ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली तेव्हा इमारतीत बरेच फेरबदल झालेले होते. तरीही फडक्यांवर समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५चं प्रमाण वाढवलेल्या, युरेनियमचे कण आलेच! ऑक्टोबरमध्ये इराणने कबूल केलं, की १९९८ ते २००२ या काळात तिथे युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रीफ्यूज यंत्रांची चाचणी युरेनियमचा वायू भरून झाली होती.

काही कण मात्र अतिसमृद्ध होते. ते आयात केलेल्या सुट्या भागांबरोबर आले, असं इराणचं म्हणणं. २००५ मध्ये पाकिस्तानने तुलनेसाठी सुटे भाग दिले आणि हे म्हणणं बव्हंशी खरं निघालं. मला या प्रकरणातली ही बाजू सर्वांत मोलाची वाटते. ज्या धुळीने इराणची लपवाछपवी उघडी पाडली, तिनेच त्याच्यावरचा एक मोठा संशय दूर केला.

पण फडकं फिरवायला आधी दार उघडावं लागतं, आणि ते काम वाटाघाटींचं. १९७० मध्ये लागू झालेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारानुसार निरीक्षक मुख्यतः देशांनी स्वतः जाहीर केलेल्या ठिकाणांपुरतेच बघत. १९९१ च्या युद्धानंतर इराकचा छुपा कार्यक्रम उघडकीला आला, तेव्हा ही पद्धत किती तोकडी आहे ते कळलं. १९९७ मध्ये ‘अतिरिक्त मसुदा’ (ॲडिशनल प्रोटोकॉल) नावाचा पूरक करार तयार झाला. तो स्वीकारणाऱ्या देशात जाहीर न केलेल्या जागीही, थोड्याच तासांच्या पूर्वसूचनेवर, जाता येतं. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ऑक्टोबर २००३ मध्ये तेहरान गाठलं आणि डिसेंबरमध्ये इराणने या मसुद्यावर सही केली.

उत्तर कोरियात हे साधलं नाही. एप्रिल २००९ मध्ये निरीक्षकांना तिथून बाहेर काढलं गेलं, ते पुन्हा आत गेलेले नाहीत. योंगब्योनच्या अणुभट्टीतून गरम पाणी नदीत सुटतंय का, वाफ निघतेय का, हे तेव्हापासून उपग्रहाच्या छायाचित्रांवरूनच ताडावं लागतं.