कामाच्या ठिकाणचे डिजिटल सहकार्य

एकाच कामात गुंतलेल्या माणसांनी संगणक, मोबाइल आणि इंटरनेट यांच्या साह्याने माहितीची देवघेव करणे, एकाच दस्तऐवजावर मिळून काम करणे, निर्णय घेणे व त्या निर्णयांची नोंद ठेवणे, या सर्व व्यवहाराला डिजिटल सहकार्य म्हणतात. अलीकडच्या काही वर्षांत या व्यवहारात कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे एआय ही नवी बाजू सामील झाली आहे. महाराष्ट्रात ‘सहकार’ हा शब्द साखर कारखाने, पतसंस्था आणि विकास सोसायट्या यांच्याशी इतका एकरूप झाला आहे, की दोन सहकाऱ्यांनी मिळून केलेल्या कामासाठी ‘सहकार्य’ हाच शब्द सोयीचा ठरतो. हा बदल येथे मुख्यतः नाशिकच्या कारखानदारीच्या व शेतीव्यवसायाच्या संदर्भात पाहिला आहे, कारण मोठे कारखाने, त्यांच्यावर अवलंबून असलेली छोटी वर्कशॉप, कॉल सेंटर आणि निर्यातक्षम द्राक्षबागा एकाच जिल्ह्यात असल्याने त्याची वेगवेगळी रूपे तेथे जवळजवळ दिसतात.

या कल्पनेचा उगम बराच जुना आहे. अमेरिकी संगणकतज्ज्ञ डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे दिलेल्या प्रात्यक्षिकात, दूरवरच्या प्रयोगशाळेतील सहकारी पडद्यावर दिसत असताना दोघे एकाच मजकुरावर काम करताना दाखवले होते. १९७१ मध्ये संगणकांच्या जाळ्यावरून ई-मेल जाऊ लागला, १९८९ मध्ये गटाने मिळून काम करण्यासाठीचे लोटस नोट्स हे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि २००६ मध्ये गूगल डॉक्स सुरू झाले. या साऱ्या टप्प्यांत महत्त्वाचा फरक एकच होता. ई-मेलने कागदाची प्रत लवकर पोहोचवली, पण प्रती अनेकच राहिल्या. गूगल डॉक्ससारख्या सामायिक दस्तऐवजाने सर्वांसमोर एकच प्रत ठेवली. मराठीत हा लाभ उशिरा मिळाला. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखी ओळखली जावीत यासाठीच्या प्रमाण पद्धतीत, असली, तरी कार्यालये आणि छापखाने दीर्घकाळ जुन्या पद्धतीच्या फाँटवरच काम करत होते. एका संगणकावर लिहिलेले पत्र तोच फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडले, की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. अशा परिस्थितीत मराठी मजकुरावर दोघांनी मिळून काम करणे शक्यच नव्हते, आणि यंत्राला शिकण्याजोगा मराठी मजकूर कमी साठण्यामागचे ते एक कारण आहे.

नाशिकमधील सहकार्याचा कणा म्हणजे मोठी कंपनी आणि तिचे व्हेंडर म्हणजे पुरवठादार यांचे नाते. सातपूर, अंबड आणि सिन्नर या औद्योगिक वसाहतींत वाहने, इंधन पंपांचे भाग, विजेची उपकरणे बनवणारे कारखाने आहेत आणि त्यांच्याभोवती जॉबवर्क म्हणजे कंपनीने दिलेले काम तिच्या मापाप्रमाणे करून देणारी असंख्य छोटी युनिट आहेत. या दोघांमधला खरा दुवा म्हणजे ड्रॉइंग, अर्थात भागाची मापे दाखवणारा आराखडा. पूर्वी ड्रॉइंगची निळी प्रत हातोहात जात असे आणि तिच्यातील शंका कंपनीच्या गेटवर थांबून किंवा क्वालिटी विभागातील साहेबांना भेटून सोडवल्या जात. एखाद्या मापात बदल झाला की ड्रॉइंगची रिव्हिजन म्हणजे आवृत्ती बदलते. नवी रिव्हिजन कार्यालयात पोहोचली, पण मशिनशेजारी जुनीच प्रत लटकत राहिली, तर तयार झालेला सगळा लॉट रिजेक्ट होतो. छोट्या युनिटला हे नुकसान फार मोठे असते, कारण कच्चा माल, मशिनचे तास आणि मजुरी एकदमच बुडते.

व्हॉट्सॲपने हा व्यवहार अतिशय वेगवान केला. मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर तडा गेलेल्या कास्टिंगचा म्हणजे ओतीव भागाचा फोटो, गेज या मापयंत्राचे रीडिंग, डिस्पॅचची वेळ हे सगळे ग्रुपवर येऊ लागले. औपचारिक सॉफ्टवेअर कधीही न वापरलेल्या फोरमनला आणि ऑपरेटरलाही त्यामुळे संवादात जागा मिळाली, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. मात्र जुनी अडचण नव्या रूपात परतली. पाठवलेल्या फोटोला रिव्हिजन क्रमांक नसतो, तो पुढे जात राहतो, आणि सहा महिन्यांनी वाद निघाला की ‘हे माप कोणी मंजूर केले’ याचे उत्तर शेकडो संदेशांखाली गाडलेले असते. म्हणून गप्पांचा ग्रुप आणि निर्णयांची नोंद या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे, ड्रॉइंग एकाच सामायिक जागी ठेवणे आणि जुन्या प्रतीवर ‘रद्द’ असा शेरा दिसेल अशी व्यवस्था करणे, हे डिजिटल सहकार्याचे पहिले शहाणपण आहे. त्याशिवाय पुढची कोणतीही साधने फारशी उपयोगी पडत नाहीत.

२५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीने कार्यालयीन सहकार्य एका झटक्यात पडद्यावर नेले. झूमच्या बैठकांतील दैनंदिन सहभाग डिसेंबर २०१९ मधील सुमारे १ कोटीवरून एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेला. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नोकरी करणारे अनेक तरुण नाशिकच्या घरी बसून काम करू लागले. कारखान्याच्या शॉप फ्लोअरला मात्र ही सोय नव्हती, कारण लेथ घरी नेता येत नाही. त्यामुळे एकाच कंपनीत घरून बोलणारे आणि मशिनवर उभे राहणारे अशी नवी विभागणी झाली. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० मधील पहिल्या सहा महिन्यांच्या कामकाजाचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. सर्वांनीच दूरस्थ काम केल्यावर लोक आपापल्या गटात अधिक बंदिस्त झाले आणि वेगवेगळ्या गटांमधील दुवे कमी झाले, असे त्यात आढळले. कँटीनमध्ये डिझाइनवाला आणि टूलरूमवाला एका टेबलावर बसतात तेव्हा जे सहज घडते, ते ठरवून बोलावलेल्या बैठकीत घडत नाही.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाल्यानंतर एआय सामान्य कर्मचाऱ्याच्या हाती आले. अशी भाषिक प्रारूपे (लँग्वेज मॉडेल) प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द काय असावा याचा अंदाज बांधण्यास शिकलेली असतात. त्यांचा पाया २०१७ मध्ये मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर या संगणकीय रचनेत आहे. सहकार्यात त्यांचा उपयोग बैठकीचे टिपण करणे, लांबलेल्या पत्रव्यवहाराचा गोषवारा देणे, पत्राचा मसुदा लिहिणे, भाषांतर करणे आणि कंपनीच्या जुन्या नोंदींतून उत्तर शोधून देणे यांसाठी होतो. इंग्रजीत पत्र लिहायला बिचकणाऱ्या छोट्या उद्योजकाला परदेशी ग्राहकाशी स्वतः बोलता येऊ लागले, हा या साधनांचा नाशिकसारख्या शहरातील सर्वांत थेट लाभ म्हणता येईल.

कॉल सेंटरमधील परिणाम अधिक बारकाईने तपासला गेला आहे. एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांनी ग्राहकसेवेतील ५,१७९ प्रतिनिधींचा अभ्यास २०२३ मध्ये मांडला. संभाषण चालू असताना एआयने सुचवलेली उत्तरे मिळणाऱ्या प्रतिनिधींनी तासाला सोडवलेल्या तक्रारींत सरासरी १४ टक्के वाढ झाली, नवख्यांच्या बाबतीत ३४ टक्के, तर जाणत्यांच्या बाबतीत अगदी थोडी. याचे कारण विचार करण्यासारखे आहे. जाणत्या प्रतिनिधींच्या यशस्वी संभाषणांतूनच ते यंत्र शिकले होते. म्हणजे जुन्यांचे कसब नव्यांपर्यंत पोहोचले, पण ज्यांचे कसब गेले त्यांना त्याचा मोबदला मिळण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. हा प्रश्न नाशिकच्या बाह्यसेवा केंद्रांनाही तितकाच लागू पडतो.

कारखान्यात तर हे कसब बहुधा लिहिलेलेच नसते. आवाजावरून बेअरिंगचा दोष ओळखणारा फिटर आपले ज्ञान शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलाला देतो, वहीला देत नाही. शिफ्ट बदलताना रजिस्टरमध्ये ‘मशिन ठीक’ एवढेच लिहिले जाते आणि खरी माहिती दोन मिनिटांच्या बोलण्यातून पुढे जाते. बोललेले लिहून घेणाऱ्या साधनांमुळे ही माहिती प्रथमच नोंदीत येण्याची शक्यता निर्माण झाली आहे. मात्र ‘स्पिंडलला प्ले आलाय, जॉब ओव्हल येतोय’ (मशिनचा फिरता दांडा सैल झाला आहे, भाग लंबगोल होतो आहे) असे वाक्य मराठी, इंग्रजी आणि कारखान्याची बोली यांचे मिश्रण असते, शेजारच्या मशिनवरचा कामगार हिंदी किंवा भोजपुरी बोलत असतो आणि मागे प्रेसचा आवाज चालू असतो. अशा बोलण्यातील एक आकडा चुकीचा ऐकला गेला, तर टिपण नसण्यापेक्षा ते अधिक घातक ठरते. गूगलच्या भाषांतर सेवेत मराठी २०१३ मध्ये आली आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये भारतीय भाषांसाठी ‘भाषिणी’ ही भाषांतर सेवा सुरू केली, तरी शॉप फ्लोअरची मराठी या साधनांना अजून पुस्तकी मराठीइतकी सरावाची नाही.

द्राक्षनिर्यातीत सहकार्याची नोंद आधीपासूनच सक्तीची आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची बाग नोंदवणे, फवारण्यांची माहिती ठेवणे, प्रयोगशाळेत कीडनाशकांचे अंश तपासणे आणि पॅकहाउसमधून पेटीवर क्रमांक घालणे, ही सारी साखळी अपेडा या शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्रीय संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीत जोडलेली असते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, तेव्हा तपासणीच्या यादीत हे एक रसायन नसल्याचा फटका संपूर्ण साखळीला बसला. यंत्रणा कितीही चोख असली, तरी तिला जे विचारलेच गेले नाही त्याचे उत्तर ती देत नाही. हा धडा एआयच्या बाबतीतही जसाच्या तसा उपयोगी आहे.

गोपनीयता हा या विषयाचा अवघड भाग आहे. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत मजकूर चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाल्यावर कंपनीने अशा साधनांवर निर्बंध घातले. ओझरचा विमान कारखाना किंवा नाशिकरोडचा नोटांचा छापखाना यांचे तर कामच गुप्ततेवर उभे आहे, पण ग्राहकाचे ड्रॉइंग सांभाळणाऱ्या चार मशिनच्या वर्कशॉपचीही जबाबदारी कमी नाही. कोणी किती वाजता संदेश पाहिला, किती वेळ पडद्यासमोर होता, या नोंदींचा उपयोग कामगारावर पाळत ठेवण्यासाठी होऊ शकतो. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने व्यक्तिगत माहितीच्या वापरावर बंधने आणली असली, तरी नोकरीच्या कारणांसाठी मालकाला संमतीविना काही माहिती वापरण्याची मुभाही त्यात आहे. गोपनीयतेखेरीज अचूकतेचाही प्रश्न आहे: एआयच्या टिपणात न घडलेली गोष्ट आत्मविश्वासाने लिहिली जाऊ शकते. म्हणून तपासणी अहवालाचा मसुदा यंत्राने तयार केला, तरी त्याखाली सही तपासनिसाचीच घेतली जाते, आणि माल परत आला तर जाब त्यालाच द्यावा लागतो.